लंडनमध्ये उतरायचे कुठे?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये लंडनमधील मुक्कामाविषयीची पत्रे इतकी होती, की या अंकातील सारी जागा त्यांनाच देणे योग्य वाटले. कुणाचा मुलगा तिकडे शिकतो आहे, कुणाला कसोटी सामना पाहायचा आहे, कुणाला मुलांना घेऊन सुट्टी घालवायची आहे. पण हॉटेल निवडताना बहुतेकांनी आधी दर पाहिला आहे, मग तारे मोजले आहेत आणि पत्ता सर्वांत शेवटी वाचला आहे. आमचे मत नेमके उलट आहे. लंडनमध्ये आधी रेल्वे स्थानक ठरवावे, मग जिने मोजावेत आणि दराकडे त्यानंतर वळावे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून भाड्यांचे आकडे २०२५ मधील आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे, वय वर्षे ६९ व ६५, येत्या उन्हाळ्यात मुलाच्या पदवीदान समारंभासाठी लंडनला जाणार आहोत. समारंभ रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आहे. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. एका परिचितांनी बेजवॉटर भागातील तीन तारांकित हॉटेल सुचवले आहे, तर प्रवासी कंपनी विमानतळाजवळचे मोठे हॉटेल स्वस्त पडेल असे सांगते. कोणते घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या परिस्थितीत दोन्ही घेऊ नयेत, असे आम्ही सुचवू. विमानतळाजवळच्या हॉटेलांची गोष्ट सोपी आहे. हीथ्रो हा विमानतळाचा भाग शहराच्या भाडेरचनेत सहाव्या झोनमध्ये येतो (पहिला झोन मध्यवर्ती, आकडा वाढेल तसे अंतर वाढते) आणि तेथून भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने मध्य लंडनला पोहोचायला तासाच्या आसपास वेळ लागतो. शिवाय ही हॉटेले विमानतळाच्या परिघावर विखुरलेली असल्यामुळे स्थानक गाठण्यासाठी आधी बस धरावी लागते. पहाटेच्या विमानाच्या आदल्या रात्रीपुरती ती सोयीची आहेत. रोज सकाळी निघून दुपारी विश्रांतीला परत येऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांना मात्र ती उपयोगाची नाहीत, कारण दुपारी परत येणे शक्यच होत नाही.

बेजवॉटरबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हा भाग सुंदर आहे, हाइड पार्क लागून आहे आणि आपल्या परिचितांचा अनुभव चांगला असेल यात शंका नाही. परंतु तेथील, तसेच पॅडिंग्टन, व्हिक्टोरिया आणि ब्लूम्सबरी या भागांतील मध्यम दराची पुष्कळशी हॉटेले ही एकोणिसाव्या शतकातील एकमेकांना चिकटून बांधलेल्या राहत्या घरांमध्ये थाटलेली आहेत. पांढरा दर्शनी भाग, दाराशी दोन खांब आणि रस्त्यावरून दारापर्यंत चार-पाच पायऱ्या, असे त्यांचे रूप छायाचित्रात मोहक दिसते. दोन किंवा तीन घरे आतून जोडून हॉटेल केलेले असेल, तर घरांच्या जमिनी एका पातळीत नसतात. मार्गिका वळते तेथे दोन पायऱ्या चढायच्या, पुढे अग्निरोधक दार ढकलून पुन्हा तीन उतरायच्या आणि मग आपली खोली, हा प्रकार नेहमीचा आहे. लिफ्ट असली तरी ती पहिल्या पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, किंवा तिच्यात दोन माणसे उभी राहिली की बॅगेला जागा उरत नाही. अनेक इमारती वारसा म्हणून संरक्षित असल्यामुळे मालकाची इच्छा असूनही लिफ्ट बसवणे सोपे नसते. तारांची संख्या पाहून यातले काहीही कळत नाही.

खोलीच्या वर्णनात ‘लोअर ग्राउंड’ असे लिहिले असेल, तर ती खोली तळघरात आहे असे समजावे. तिची खिडकी रस्त्याच्या पातळीखालील अरुंद मोकळ्या जागेत उघडते, वर पाहिले तर कठड्याच्या गजांमधून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसतात आणि तेथपर्यंतचा जिना बहुधा सर्वांत अरुंद असतो. तसेच न्हाणीघराची चौकशी खोलीइतक्याच बारकाईने करावी. जुन्या हॉटेलांत शॉवर टबच्या वर असतो आणि टबची कड गुडघ्याच्याही वर येते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला ती ओलांडून ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर पाय ठेवणे धोक्याचे आहे. त्यामुळे टब नसलेला, जमिनीलगतचा शॉवर हवा असे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. टबाबाहेरची जमीन कोरडी ठेवण्याची तिकडे रीत आहे आणि तेथे पाणी वाहून जायला मोरी नसते, हेही लक्षात असू द्यावे.

आता पर्याय. आपल्यासाठी हॅमरस्मिथ किंवा अर्ल्स कोर्ट ही स्थानके पाहावीत. दोन्ही पिकॅडिली लाइनवर असल्यामुळे हीथ्रोहून गाडी न बदलता तेथे उतरता येते आणि दोन्ही ठिकाणी फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्टने येता येते. भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी अशी सोय साधारण एक तृतीयांश स्थानकांतच आहे, आणि बेजवॉटर भागातील बेजवॉटर व क्वीन्सवे ही स्थानके त्यांत नाहीत. समारंभाला जाण्यासाठी हॅमरस्मिथहून ९ क्रमांकाची बस थेट रॉयल अल्बर्ट हॉलसमोरून जाते आणि पुढे हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली व ट्रफाल्गर चौकाकडे नेते. अर्ल्स कोर्टकडून ७४ क्रमांकाची बस साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांपर्यंत येते. लंडनच्या बसमध्ये चढायला पायरी नसते आणि भाडे १.७५ पौंड आहे. पहिल्यांदा कार्ड (बँकेचे संपर्कविरहित किंवा लंडनच्या प्रवासाचे ऑयस्टर कार्ड) लावल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख रक्कम २०१४ पासून घेतली जात नाही, म्हणून प्रत्येकाकडे स्वतंत्र कार्ड असावे. एका कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही.

हॅमरस्मिथ भागात अलीकडच्या काळात हॉटेल म्हणूनच बांधलेल्या इमारती आहेत. त्या दिसायला सपक असतील, पण दारापासून पलंगापर्यंत एकही पायरी नसण्याची शक्यता त्यांच्यातच अधिक. जून-जुलैत जात असाल तर वातानुकूलनाबद्दलही विचारावे. ‘लंडनमध्ये कशाला हवे एसी’ हा समज १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रोचा पारा ४० अंशांच्या वर गेला तेव्हाच निकालात निघाला आहे. जुन्या हॉटेलांच्या खिडक्या सुरक्षेसाठी चार बोटेच उघडतात, त्यामुळे उकाड्याची रात्र तेथे लांबते. त्या दिवसांत पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा जाड पडद्यांचीही चौकशी करणे अनाठायी ठरणार नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि १० व १४ वर्षांची दोन मुले आठवडाभरासाठी जाणार आहोत. एका संकेतस्थळावर ‘लंडन एसई २’ असा पत्ता असलेले हॉटेल खूपच स्वस्त दिसते. पिनकोडचा आकडा इतका लहान म्हणजे ते मध्यवर्ती असणार ना? आणि चौघांना एकच खोली घेतली तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा समज फार जणांना महागात पडला आहे. लंडनच्या पोस्टकोडमधील अक्षरे दिशा सांगतात, पण त्यापुढचे आकडे अंतर सांगत नाहीत. हे आकडे १९१७ मध्ये दिले गेले आणि प्रत्येक विभागात मुख्य टपाल कार्यालयाला १ दिल्यानंतर उरलेल्या ठिकाणांना इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रमांक लावले गेले. ॲबी वुड हे नाव वर्णानुक्रमात आधी येते म्हणून ते एसई २ झाले, प्रत्यक्षात ते शहराच्या पूर्वेकडील कडेला आहे. मध्य लंडनला लागून असलेल्या केनिंग्टनच्या वाट्याला मात्र एसई ११ आले. म्हणून पत्ता वाचताना आकड्याकडे दुर्लक्ष करावे आणि नकाशावर दोनच गोष्टी पाहाव्यात : सर्वांत जवळचे स्थानक कोणते आणि त्यावरून कोणती लाइन जाते. ‘मध्य लंडनपासून वीस मिनिटे’ या जाहिरातीत हॉटेलपासून स्थानकापर्यंतची चाल आणि गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरलेला नसतो.

तरीही आपण शोधलेले हॉटेल मी एकदम बाद ठरवणार नाही. ॲबी वुडला एलिझाबेथ लाइनचे शेवटचे स्थानक आहे, तिचा मध्य भाग मे २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून पूर्वी अडगळीत असलेले असे अनेक भाग राहण्याजोगे झाले आहेत आणि तिच्या सर्व स्थानकांवर लिफ्टची सोय आहे. हिशेब असा करावा. पहिल्या दोन झोनमध्ये दिवसभरात कितीही फिरलात तरी एका प्रौढाच्या कार्डावरून ८.९० पौंडांपेक्षा अधिक कापले जात नाहीत. पहिल्या ते चौथ्या झोनसाठी ही मर्यादा १२.८० पौंड आहे. म्हणजे ॲबी वुडसारख्या चौथ्या झोनमधील भागात राहिल्याने दोन प्रौढांना दिवसाला ७.८० पौंड जास्त पडतात. ११ वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत विनामूल्य प्रवास करतात, १४ वर्षांच्या मुलासाठी सवलतीची सोय ऑयस्टर कार्डावर विमानतळावरील चौकशी केंद्रातून करून घेता येते. हॉटेलच्या दरात रोज ३०-४० पौंडांचा फरक असेल, तर प्रवासाचा हा जादा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च वेळेचा आहे, आणि दहा वर्षांचे मूल रात्री नाटक पाहून तासाभराच्या प्रवासात झोपी गेले की तो जाणवतो. आमचा कल दुसऱ्या-तिसऱ्या झोनमधील एकाहून अधिक लाइन असलेल्या स्थानकाकडे आहे. पूर्वेला स्ट्रॅटफर्ड आणि पश्चिमेला ईलिंग ब्रॉडवे ही त्याची चांगली उदाहरणे आहेत. एखादी लाइन शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी बंद असते, आणि ते वरचेवर घडते, तेव्हा दुसरी हाताशी राहते.

ज्यांचा मुक्काम शुक्रवार ते रविवार एवढाच आहे त्यांनी ‘सिटी’ या बँकांच्या भागातील हॉटेले अवश्य पाहावीत. कामकाजाच्या दिवसांत तेथे व्यावसायिक पाहुण्यांमुळे दर चढे असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी भाग ओस पडला की ते उतरतात. त्याउलट वेम्बली परिसरात स्टेडियमवर सामना किंवा संगीताचा कार्यक्रम असला की त्या रात्रीचा दर एकदम चढतो. तारखा ठरवण्याआधी स्टेडियमचे वेळापत्रक पाहणे बरे.

चौघांच्या खोलीबद्दल : आपल्याकडे जादा गादी टाकून घेण्याची जी मुभा असते ती तेथे गृहीत धरू नये. खोलीत किती माणसे राहू शकतात हा आगीच्या सुरक्षेशी जोडलेला नियम असतो आणि मूल लहान आहे या सबबीवर तो शिथिल होत नाही. मात्र प्रीमियर इनसारख्या साखळी हॉटेलांत दोन प्रौढ व १६ वर्षांखालील दोन मुले यांच्यासाठी खास कौटुंबिक खोल्या असतात. आपल्या कुटुंबाला ती चपखल बसेल. वर्णनात ‘स्मॉल डबल’ असेल तर तो पलंग चार फूट रुंद असतो. दोन मोठ्या माणसांनी त्यावर आठवडा काढू नये.

प्रश्न : सासू-सासरे कांदा-लसूणही न खाणारे आहेत. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी असे आम्हाला वाटते. काय काळजी घ्यावी? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : आठवडाभराहून अधिक मुक्काम आणि सोबत पथ्याचे खाणारी वडीलधारी मंडळी असतील, तर आपला विचार योग्यच आहे. मात्र ‘सदनिका’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे अपार्टहॉटेल, ज्याला स्वागतकक्ष असतो, सफाई होते आणि खोलीत छोटे स्वयंपाकघर असते. दुसरी म्हणजे कुणाचे तरी राहते घर, जे संकेतस्थळावरून काही रात्रींसाठी भाड्याने दिले जाते. लंडनमध्ये संपूर्ण घर असे अल्प मुदतीने देण्यावर २०१५ च्या कायद्यानुसार एका वर्षात ९० रात्रींची मर्यादा आहे, त्याहून अधिक रात्रींसाठी स्थानिक परिषदेची नियोजन परवानगी लागते. पाहुण्याने याची चिंता का करावी, असे कुणी विचारील. वर्षभर अखंड उपलब्ध असलेले घर परवानगीविना चालत असेल, तर शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून ऐन वेळी आरक्षण रद्द होऊ शकते आणि जुलैच्या गर्दीत सासू-सासऱ्यांना घेऊन दुसरी जागा शोधण्याची वेळ येते. ‘विचारलेच कुणी तर आमचे नातेवाईक आहोत असे सांगा’ अशी सूचना मालकाकडून आली, तर तेथेच थांबावे. संकेतस्थळाबाहेर, थेट बँक खात्यात पैसे पाठवल्यास सवलत देतो असे सांगणाऱ्याला तर उत्तरही देऊ नये.

ज्येष्ठांबरोबर असताना आम्ही अपार्टहॉटेलच्या बाजूचे आहोत, दर थोडा अधिक असला तरी. रात्री अकराला विमान उतरल्यावर दाराबाहेरच्या कुलुपाच्या डबीचा सांकेतिक आकडा मोबाइलच्या उजेडात फिरवत बसण्यापेक्षा स्वागतकक्षात माणूस असलेला बरा.

स्वयंपाकघर म्हणजे नेमके काय आहे, हेही आधी विचारावे. काही ठिकाणी फक्त मायक्रोवेव्ह आणि किटली असते. शेगडी असली तरी ती बहुधा इंडक्शनची असते, आणि आपल्याकडचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा छोटा कुकर न्यावा. फोडणीची गोष्ट अधिक नाजूक आहे. छतावरचा धूरसूचक आणि तापलेल्या तेलातली मोहरी-मिरची यांचे जमत नाही. भोंगा वाजला की काही इमारतींमध्ये सर्व मजल्यांवरील लोकांना खाली रस्त्यावर उतरावे लागते आणि खोटी सूचना दिल्याबद्दल दंड लावण्याची अट भाडेकरारात असू शकते. तेल मंद आचेवर ठेवावे, पंखा आधी लावावा, किंवा सरळ घरूनच कोरडी फोडणी करून न्यावी. साध्या हॉटेलच्या खोलीत विजेची शेगडी लावून भात शिजवण्याचा प्रयोग कुणीही करू नये, कारण तेथे त्याला मनाई असते. प्लग तिकडे तीन चपट्या पिनांचे असतात, हे नेहमीचेच.

जागेबद्दल म्हणाल, तर कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांसाठी वेम्बलीइतका सोयीचा भाग लंडनमध्ये नाही. वेम्बली सेंट्रल आणि अल्पर्टन या स्थानकांच्या दरम्यानच्या ईलिंग रोडवर गुजराती मंडळींची शाकाहारी उपाहारगृहे, फरसाणाची आणि भाजीपाल्याची दुकाने रांगेने आहेत. मेथी-कोथिंबीर, तूरडाळ, ज्वारी-बाजरीचे पीठ यांतले काहीच भारतातून वाहून न्यायची गरज नाही. वेम्बली पार्क स्थानकावरून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी फिंचली रोडनंतर थेट बेकर स्ट्रीटला थांबते, त्यामुळे चौथा झोन असूनही शहर दूर वाटत नाही. मध्यवर्ती भागातच राहायचे असेल तर युस्टन स्थानकाच्या बाजूचा ड्रमंड स्ट्रीट पाहावा. तेथे दक्षिण भारतीय पदार्थांची आणि भेळपुरीची शाकाहारी उपाहारगृहे कित्येक दशकांपासून आहेत, पण नव्या रेल्वेमार्गाच्या कामामुळे तो परिसर सध्या खणाखणीचा आहे.

जुन्या प्रवासवर्णनांत वाचून काही वाचकांनी स्ट्रँडवरील इंडिया क्लबमध्ये खोली मिळेल का, असे विचारले आहे. १९५१ पासून चाललेला तो क्लब सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. फिट्झरॉय चौकातील इंडियन वायएमसीएची १९५३ ची इमारत मात्र अशी चौकशी करण्याजोगी आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था प्रवाशांनाही खोल्या देत आली आहे, भोजनगृहात भारतीय जेवण मिळते आणि ठिकाण अगदी मध्यवर्ती आहे. खोल्या साध्या असतात, आणि भोजनगृह केवळ शाकाहारी नाही, हे सासू-सासऱ्यांना आधी सांगावे.

प्रश्न : व्हिसाच्या अर्जासाठी हॉटेलचे पूर्ण पैसे भरून आरक्षण करणे आवश्यक आहे का? (काही वाचक)

उत्तर : ब्रिटनसाठी नाही. हॉटेलचे आरक्षण हा तेथील पर्यटक व्हिसाच्या अर्जासोबत जोडण्याचा आवश्यक पुरावा नाही. अर्जात कोठे राहणार ते विचारले जाते, तेथे रद्द करता येण्याजोग्या आरक्षणाचा किंवा ज्यांच्याकडे उतरणार त्या नातेवाइकांचा पत्ता पुरतो. नातेवाइकांकडे उतरत असाल तर त्यांचे निमंत्रणपत्र आणि त्या पत्त्यावर ते राहतात याचा पुरावा जोडावा. युरोपातील शेंगेन देशांचा नियम वेगळा आहे, तेथे मुक्कामाचा पुरावा मागितला जातो, आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत करणाऱ्यांनी दोन्ही अर्ज स्वतंत्र समजावेत. व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारे स्वस्त आरक्षण करू नये, मग ते कितीही आकर्षक असो.

प्रश्न : लॉर्ड्सवरील कसोटी पाहण्यासाठी आम्ही चार मित्र जात आहोत. लोकमान्य, सावरकर आणि बाबासाहेब जेथे राहिले ती घरेही पाहायची आहेत. या दृष्टीने कोठे उतरावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पॅडिंग्टन. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट येते आणि पिकॅडिली लाइनपेक्षा भाडे दुपटीहून अधिक असले तरी अर्ध्या तासात पोहोचवते. लॉर्ड्ससाठी बेकरलू लाइनने बेकर स्ट्रीटला जावे आणि तेथून जुबिली लाइनचे पुढचेच स्थानक सेंट जॉन्स वुड. ससेक्स गार्डन्स आणि नॉरफोक स्क्वेअर या रस्त्यांवर लहान हॉटेलांची रांगच आहे. वर नाशिकच्या वाचकांना जे जिने आणि तळघर टाळायला सांगितले, ते धडधाकट चौघांना सोसण्यासारखे आहे. फक्त दोन-दोन स्वतंत्र पलंगांच्या खोल्या मागाव्यात, नाहीतर ‘डबल’ म्हणजे एकच पलंग वाट्याला येईल. सामन्याच्या तारखा जाहीर होताच आरक्षण करावे. भारताचा सामना असेल तर त्या आठवड्यात या पट्ट्यात परवडणारी खोली उरत नाही. तसे झाले तर वेम्बली पार्क पाहावे, तेथून सेंट जॉन्स वुड जुबिली लाइनवर गाडी न बदलता येते.

लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये जेथे राहिले ते १०, हाउली प्लेस हे घर पॅडिंग्टनहून कालव्याच्या काठाने रमतगमत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी चकती आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. सामन्याच्या दिवशीही ते साधता येते. सेंट जॉन्स वुडच्या पुढचे स्थानक स्विस कॉटेज, तेथून ३१ क्रमांकाची बस चॉक फार्मकडे नेते. भेटीच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. ही शांत वस्तीची गल्ली आहे, संग्रहालयाच्या परवानगीवरून शेजाऱ्यांच्या हरकतींसह मोठा वाद होऊन २०२० मध्ये ती मिळाली आहे. तेव्हा घोषणा आणि गर्दीची छायाचित्रे टाळणे हे आपल्याच हिताचे आहे.

सावरकर राहिले ते इंडिया हाउस उत्तरेला हायगेट भागात, ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथे आहे. मुक्कामाच्या जागेविषयीच्या या अंकात त्याचा उल्लेख अगदी औचित्याचा आहे, कारण श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये ते उघडले ते वसतिगृह म्हणून. भारतीय विद्यार्थ्यांना लंडनमध्ये घरमालकांच्या वर्णभेदामुळे खोली मिळणेच कठीण होते, त्यावरचा तो उपाय होता. आज ते खाजगी घर आहे, रस्त्यावरून पाहून परतावे.

प्रश्न : मी एकटी जाणार आहे. वय २६, खर्चाची मर्यादा आहे. हॉस्टेलमध्ये राहणे सुरक्षित असते का? दुसरा काही पर्याय आहे का? (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नावाजलेल्या हॉस्टेलांत फक्त स्त्रियांसाठी वेगळ्या सामायिक खोल्या असतात आणि त्या सुरक्षित असतात. कपाट असते पण कुलूप आपले न्यावे लागते. तक्रार असलीच तर ती झोपेबद्दल असेल. आठ जणींच्या खोलीत रात्रभर कुणीतरी येत-जात राहते, आणि पासपोर्ट उशाशी घेऊन पडलेल्या माणसाला पहिल्या दोन रात्री गाढ झोप लागत नाही.

जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जात असाल तर विद्यापीठांची वसतिगृहे पाहावीत. हा पर्याय आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. विद्यार्थी सुट्टीवर गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इंपीरियल कॉलेज यांसारख्या संस्था आपल्या रिकाम्या खोल्या पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देतात. खोलीत एकेरी पलंग, अभ्यासाचे टेबल, कुठे स्वतंत्र तर कुठे सामायिक न्हाणीघर, एवढेच असते, दूरचित्रवाणी संच नसतो. परंतु दाराला स्वतःचे कुलूप असते, स्वागतकक्षात माणूस असतो आणि जागा मोक्याच्या असतात.  एकट्या व्यक्तीला हॉटेलात दोघांच्या खोलीचे भाडे भरावे लागते, ते येथे वाचते. आरक्षण वसंत ऋतूतच करून टाकावे.

एकटीने राहताना परतीची वेळ लक्षात घेऊन स्थानक निवडावे. भुयारी रेल्वे मध्यरात्रीनंतर लवकरच थांबते. शुक्रवार व शनिवारच्या रात्री सेंट्रल, जुबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया या पाच लाइनांच्या बहुतांश मार्गांवर गाड्या रात्रभर चालतात. नाटके पाहण्याचा बेत असेल तर यांपैकी एखाद्या लाइनवर उतरणे सोयीचे. खोली घेण्यापूर्वी नकाशावरील रस्त्याच्या छायाचित्रांत स्थानक ते दार एवढे अंतर एकदा चालून पाहावे : दुकाने आहेत की लांब भिंत, रेल्वेच्या पुलाखालून जावे लागते का, हे दहा मिनिटांत कळते.

प्रश्न : आमचे विमान सकाळी सातला उतरते आणि हॉटेल दुपारी तीनला खोली देणार आहे. आदल्या रात्रीचे भाडे भरावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तरुण असाल तर भरू नये. जवळजवळ सर्व हॉटेले सामान ठेवून घेतात. इमिग्रेशन, सामान आणि प्रवास आटोपून दाराशी पोहोचेपर्यंत दहा वाजतातच, तेव्हा बॅगा ठेवून जवळच्या बागेत किंवा संग्रहालयात वेळ काढावा. काही साखळी हॉटेले थोडे शुल्क घेऊन दुपारी बाराला किंवा एकला खोली देतात, ते आदल्या रात्रीच्या भाड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सोबत सत्तरीचे आई-वडील किंवा तान्हे मूल असेल, तर मात्र आदल्या रात्रीचे पैसे भरावेत आणि ‘आम्ही सकाळी पोहोचू’ असे हॉटेलला लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे. तसे न कळवल्यास आपण आलाच नाहीत असे समजून पूर्ण आरक्षणच रद्द केले जाऊ शकते. सदनिका घेतली असेल तर सामान ठेवायला कुणी नसते, तेव्हा मोठ्या रेल्वे स्थानकांवरील सामानघराचा दर आणि वेळ निघण्यापूर्वी पाहून ठेवावी.